तेरीज जुळली, पुढे काय?

(एम. ए. भाग १, अर्थशास्त्र)

आपल्या महाविद्यालयीन जगात शाखांची एक अलिखित वाटणी झालेली आहे. कला शाखेने कविता कराव्यात, विज्ञान शाखेने प्रयोग करावेत आणि हिशेब मात्र वाणिज्य शाखेने लिहावेत! ही वाटणी कोणी केली हे कोणालाच ठाऊक नाही. पण ती पाळली जाते ती एखाद्या कायद्याइतक्या निष्ठेने. वार्षिक अंकासाठी कथा मागायच्या असल्या की आमच्या वर्गाची आठवण होते, आणि जाहिरातींच्या पावत्या मांडायच्या असल्या की शेजारच्या वर्गाची. कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही यात काही गैर वाटत नाही. 'आपले गणित कच्चे' असे तो हसत हसत, किंबहुना थोड्या अभिमानानेच सांगतो. या समजुतीविरुद्ध चार शब्द लिहावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हे लिहिण्याचा अधिकार मला कोणी दिला, असे कोणी विचारील म्हणून थोडे स्वतःविषयी सांगते. मी याच भागात बी. ए. झाले. पदवीनंतर पाच वर्षे एका पतसंस्थेत लिपिक होते. रोजकीर्द लिहिणे, खतावणी करणे, संध्याकाळी रोख शिल्लक मोजून मेळ घालणे ही माझी कामे. २०१४ साली मुलीचा जन्म आणि सासूबाईंचे दीर्घ आजारपण या दोन कारणांनी नोकरी सोडली. आता मुलगी शाळेत रुळली आहे आणि मी पुन्हा महाविद्यालयात आले आहे. वर्गातील निम्मी मुले मला 'ताई' म्हणतात आणि निम्मी चुकून 'मॅडम' म्हणतात. एम. ए. बरोबरच मी शासकीय सहकार व लेखा पदविकेचा, म्हणजे ज्याला सर्वजण 'जी. डी. सी. अँड ए.' म्हणतात त्या परीक्षेचा, घरी बसून अभ्यास करीत आहे. मला पुन्हा हिशेबाच्या कामावर जायचे आहे. मात्र या वेळी नुसती कीर्द लिहिण्यापुरते नव्हे, तर ती तपासता येईल इतक्या तयारीने.

या परीक्षेविषयी आपल्याकडे फारशी माहिती नसते, म्हणून थोडक्यात सांगते. राज्याच्या सहकार खात्याकडून ती दरवर्षी, सहसा मे महिन्याच्या अखेरीस, तीन दिवस घेतली जाते. लेखाशास्त्र, लेखापरीक्षण, सहकाराचा इतिहास-तत्त्वे-व्यवस्थापन, सहकारी व इतर कायदे, सहकारी बँका व पतसंस्था, आणि गृहनिर्माण व इतर संस्था असे सहा विषय असतात. उत्तरे मराठीतून लिहिता येतात. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की तिला कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो. इतिहास घेऊन बी. ए. झालेल्याला तेथे कोणी अडवीत नाही. पुढे तर गंमतच आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८१ मध्ये प्रमाणित लेखापरीक्षक कोणाला म्हणावे हे सांगताना पदवी, ही पदविका आणि लेखापरीक्षणाचा अनुभव यांच्याबरोबर मराठीचे कामचलाऊ ज्ञानही आवश्यक मानले आहे. म्हणजे मराठी येण्याचा उपयोग काय, या नेहमीच्या प्रश्नाला निदान एका ठिकाणी कायद्यानेच उत्तर देऊन ठेवले आहे.

सहा विषयांकडे पुन्हा एकदा पाहावे. त्यांतील इतिहास, तत्त्वे, व्यवस्थापन, कायदा हा सारा वाचनाचा आणि समजून लिहिण्याचा भाग आहे. तो आपल्या हातचा आहे. भीती वाटते ती लेखाशास्त्राची. पण माझा अनुभव असा, की एकट्याने शिकण्यासारखे जे थोडे विषय आहेत त्यांत पुस्तपालनाचा क्रमांक बराच वर लागेल. याचे कारण त्या विद्येच्या रचनेतच आहे. लुका पाचोली या इटालियन भिक्षूने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या आपल्या गणिताच्या ग्रंथात तेथील व्यापाऱ्यांच्या द्विनोंदी पद्धतीचे वर्णन केले, आणि तेही लॅटिनमध्ये न करता लोकांच्या भाषेत केले. प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी लिहायचा. एका खात्याला नावे, दुसऱ्याला जमा. महिनाअखेर किंवा वर्षअखेर सर्व खात्यांच्या शिलका एकत्र मांडून तेरीज काढायची. दोन्ही बाजूंची बेरीज सारखी आली पाहिजे. निबंध चांगला झाला की नाही हे सांगायला प्राध्यापक लागतात. तेरीज जुळली की नाही हे मात्र वहीच सांगते. रात्री अकरा वाजता स्वयंपाकघराच्या ओट्यावर वही ठेवून अभ्यास करणाऱ्याला याहून चांगला शिक्षक कोठे मिळणार?

ती जुळली नाही तर का जुळली नाही हेही आकडेच सुचवितात. समजा फरक नऊशे रुपयांचा आला. नऊशेला नऊने भाग जातो. तेव्हा बहुधा कोठेतरी ५,४०० चे ४,५०० लिहिले गेले आहेत, म्हणजे अंकांची अदलाबदल झाली आहे. फरक ६४० चा असेल तर त्याच्या निम्मी, ३२० ची, नोंद चुकीच्या बाजूला बसली आहे का ते पाहावे. जुन्या कारकुनांना या खुणा तोंडपाठ असत. पुस्तकात त्या कधी सापडतात, कधी सापडत नाहीत. पण एकदा कळल्या की शोधण्याची गोडी लागते.

अर्थात वाट अगदी सरळ आहे असे नव्हे. पहिला अडसर भाषेचाच असतो. आपण पैसे भरले की बँकेच्या पासबुकात ते 'जमा' दिसतात. त्यामुळे जमा म्हणजे आपल्याकडे आलेले, अशी समजूत रुजून बसते. पासबुक ही बँकेच्या खतावणीतील आपल्या खात्याची नक्कल आहे. तेथील जमा म्हणजे बँकेने आपल्याला देणे असलेली रक्कम. आपल्या स्वतःच्या वहीत तीच रक्कम बँकेच्या नावे पडते. दुसरा अडसर बाजूंचा. शाळेच्या पुस्तकात नावे बाजू डावीकडे आणि जमा उजवीकडे असते. आपल्या देशी वहीत आणि पतसंस्थांच्या कीर्दीत जमा डावीकडे असते. ज्याने आधी प्रत्यक्ष कीर्द लिहिली आहे त्याला पुस्तक उलटे वाटते, आणि ज्याने आधी पुस्तक वाचले त्याला कीर्द उलटी वाटते. दोन्ही बरोबर आहेत, हे सांगणारे कोणी जवळ असले तर पाच मिनिटांचे काम. नसले तर आठवडा जातो.

या देशी पद्धतीचा उल्लेख आला म्हणून सांगते. मराठी माणसाला हिशेबाचे वावडे आहे असे म्हणणाऱ्यांनी आपली आडनावे आठवावीत. फडणीस, मुजुमदार, पोतनीस, ही सारी दप्तराची आणि खजिन्याची पदे होती. कीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद, शिल्लक हे शब्द पाठ्यपुस्तक मंडळाने घडविलेले नाहीत; मोडीतील दप्तरांतून ते आपल्यापर्यंत आले आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ज्या कागदांवरून पेशवाई वाचायची, त्यांतील कितीतरी कागद हिशेबाचे आहेत. तेव्हा ही विद्या परक्या शाखेची नाही. आपण ती मध्यंतरी दुसऱ्याच्या ओसरीवर ठेवून दिली, एवढेच.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल की मग प्रश्न सुटला. पुस्तके आणावीत, अभ्यास करावा आणि परीक्षा द्यावी. माझा मतभेद नेमका येथे सुरू होतो. तेरीज जुळणे म्हणजे हिशेब खरा असणे नव्हे. काही चुका अशा असतात की त्या तेरजेला दिसतच नाहीत. व्यवहार मुळी लिहिलाच नाही तर दोन्ही बाजू सारख्याच कमी होतात. दोन चुका एकमेकींना झाकून टाकतात. आणि सर्वांत फसवी चूक ती तत्त्वाची. समजा सोसायटीने गोदामाच्या गळक्या छपराची चाळीस हजार रुपयांची दुरुस्ती केली. हा त्या वर्षाचा खर्च. तो जर इमारत खात्याला टाकला, तर तेरीज अगदी बिनचूक जुळते. पण नफा चाळीस हजारांनी फुगतो आणि इमारतीची किंमत उगाच वाढलेली दिसते.

याहून गंभीर गोष्ट व्याजाची. पतसंस्थेने एक लाख रुपये बारा टक्क्यांनी दिले आणि कर्जदाराने वर्षभर दमडीही भरली नाही. बारा हजारांचे व्याज 'येणे' झाले. थकलेल्या व्याजाची तरतूद न करता ते उत्पन्नात धरले की कागदावर नफा होतो. नफ्यातून निदान चौथा हिस्सा राखीव निधीला न्यावा लागतो, लाभांशही सामान्यतः पंधरा टक्क्यांहून अधिक देता येत नाही. ही बंधने कायद्यात आहेत आणि ती चांगलीच आहेत. पण मुळातला नफाच खोटा असेल तर ही बंधने कशावर चालणार? जे व्याज आलेलेच नाही त्याच्यावर लाभांश वाटला जातो, तो ठेवीदारांच्या पैशातून. सभासद टाळ्या वाजवितात आणि चहा पिऊन घरी जातात.

पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेचे प्रकरण आपण सर्वांनी वाचले आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले तेव्हा खातेदाराला सुरुवातीस अवघे एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. एकाच बांधकाम उद्योगसमूहाला दिलेली प्रचंड कर्जे झाकण्यासाठी एकवीस हजारांहून अधिक बनावट खाती दाखविली होती, असे तपासात पुढे आले. त्या बँकेची तेरीज जुळत नव्हती असे कोणी म्हणाले नाही. ती जुळतच असणार! आणि ती तर बँक होती. बँकेतील ठेवीला विम्याचे संरक्षण असते. २०२० पासून त्याची मर्यादा पाच लाख रुपये आहे. पतसंस्थेतील ठेवीला त्या विमा महामंडळाचे संरक्षण नाही. आपल्या तालुक्यातील कांदा विकून आलेला किंवा निवृत्त रेल्वे कामगाराने आयुष्यभर साठविलेला पैसा जेव्हा पतसंस्थेत जातो, तेव्हा त्याच्या रक्षणाला उरतो तो खरे लिहिणारा हिशेबनीस आणि न भिता तपासणारा लेखापरीक्षक. ही विद्या कोण शिकतो आणि किती खोल शिकतो, हा म्हणूनच केवळ नोकरीचा प्रश्न राहत नाही.

आता संगणक आला आहे, मग हे सारे कशाला, असा एक प्रश्न वर्गात विचारला गेला होता. मी नोकरी सोडली तेव्हा आमच्याकडे कीर्द हाताने लिहीत. त्यानंतर नोटाबंदी झाली, जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला, आणि २०२२ साली केंद्र सरकारने त्रेसष्ट हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली. गावोगावच्या विकास सोसायट्याही आता वहीकडून पडद्याकडे निघाल्या आहेत. पण संगणकाने केले काय? दोन्ही बाजू सारख्या असल्याखेरीज तो नोंद घेतच नाही. त्यामुळे तेरीज नेहमीच जुळते. पूर्वी जी चूक रात्री उशिरापर्यंत शोधावी लागे ती राहिली नाही. छपराची दुरुस्ती इमारत खात्याला टाकली तर मात्र तो चकार शब्द काढीत नाही. म्हणजे बेरीज करणाऱ्याची गरज संपली आणि विचार करणाऱ्याची वाढली. एखादी पावती वाचून हा व्यवहार खरोखर कसला आहे हे ठरविणे, ठरावाची भाषा आणि प्रत्यक्ष खर्च यांतील तफावत ओळखणे, अहवालात काय लिहिले नाही ते पाहणे. हे काम ज्याला काळजीपूर्वक वाचता येते त्याचे आहे. आणि काळजीपूर्वक वाचणे याखेरीज आम्ही कला शाखेत दुसरे काय शिकतो?

हे ओळखणे मात्र एकट्याने शिकता येत नाही, असे माझे ठाम मत झाले आहे. बेरीज चुकली की वही बोलते. तत्त्व चुकले की वही गप्प राहते. तेथे दुसरी नजर लागते. मी सोडविलेले उदाहरण पुस्तकातील उत्तराशी जुळते तेव्हाही दुसऱ्या एखाद्या मार्गाने ते का सुटत नाही, हे विचारायला कोणी नसते. नाशिकला शिकवणी वर्ग आहेत. पण नांदगावहून नाशिकरोड सुमारे शंभर किलोमीटर. सकाळची गाडी धरून संध्याकाळी परतायचे म्हटले तर घर कोणी पाहायचे, आणि नळाला पाणी येण्याचा दिवस नेमका तोच निघाला तर? खेड्यातून येणाऱ्या मुलींना तर परवानगीपासून सुरुवात करावी लागते. तेव्हा 'स्वयंअध्ययन' हा आमच्यापैकी पुष्कळांचा आवडीचा मार्ग नसून एकमेव मार्ग आहे, हे लक्षात घ्यावे.

कामावर परतू पाहणाऱ्या स्त्रीपुढे आणखी एक अडचण असते. गेल्या वर्षी शेजारच्या एका शहरातील वित्तसंस्थेत मी मुलाखतीस गेले होते. मधली दहा वर्षे काय केलेत, असा प्रश्न आला. घर सांभाळले आणि गल्लीतील बचत गटाचे हिशेब लिहिले, असे मी सांगितले. अकरा बायकांची मासिक वर्गणी, अंतर्गत कर्जे, त्यांवरील व्याज, बँकेच्या कर्जाचे हप्ते. वर्षानुवर्षे एकही हप्ता चुकलेला नाही. समोरच्या गृहस्थांनी अनुभवाच्या रकान्यात एक आडवी रेघ मारली. त्यांचा राग आला असे नाही. त्यांच्या नमुन्यात त्या कामासाठी रकानाच नव्हता.

सातारा जिल्ह्यातील म्हसवडचे उदाहरण या संदर्भात सांगण्यासारखे आहे. माण तालुका आपल्यासारखाच दुष्काळी. तेथील बायकांसाठी चेतना गाला-सिन्हा यांनी बँक काढायचे ठरविले तेव्हा पहिला अर्ज फेटाळला गेला, कारण प्रवर्तक स्त्रियांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या स्वतः सांगतात की बायका अक्षरे शिकल्या, काही महिन्यांनी पुन्हा अधिकाऱ्यांकडे गेल्या आणि म्हणाल्या, कोणत्याही रकमेवरचे व्याज आम्हांला तोंडी विचारा. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. हिशेब अंगात असतो तेव्हा कागद मागावाच लागतो, आणि कागद मिळविण्याची जिद्दही धरावी लागते, असे मला या गोष्टीतून दिसते. म्हणूनच मी पदविकेला कमी लेखीत नाही. 'कागदाच्या तुकड्याने काय होते' असे म्हणणे ज्याच्याकडे तो आहे त्यालाच परवडते.

तथापि कागद मिळाला तरी दार पुरते उघडत नाही. प्रमाणित लेखापरीक्षक होण्यासाठी सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाचा निदान तीन वर्षांचा अनुभव लागतो. ही अट योग्यच आहे. लोकांचा पैसा नवख्याच्या हाती देऊ नये. पण अनुभव घ्यायचा कोणाकडे? ज्याचे वडील किंवा मामा या व्यवसायात आहेत त्याला उमेदवारी सहज मिळते. ज्याचे कोणीच नाही, आणि विशेषतः जी पस्तिशी ओलांडलेली बाई आहे, तिने कोणाचे दार ठोठवायचे? परीक्षा सर्वांना खुली आणि अनुभव ओळखीच्यांना, अशी ही स्थिती आहे.

कोणी असाही आक्षेप घेईल की कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी हे केले तर वाणिज्य शाखेच्या मुलांच्या तोंडचा घास जाईल. मला तसे वाटत नाही. दरवर्षी एकतीस मार्चला ज्या संस्थांची पुस्तके बंद होतात त्यांची संख्या पाहिली तर चांगल्या हिशेबनिसांचा तुटवडाच दिसेल. शिवाय वाणिज्यच्या मुलांनाही छपराच्या उदाहरणावर वाद घालायला कोणीतरी हवेच असते.

नुसते गाऱ्हाणे मांडून थांबू नये म्हणून चार सूचना करते. पहिली, ग्रंथालयात एक कपाट या विषयासाठी ठेवावे. अकरावी-बारावीची पुस्तपालनाची पाठ्यपुस्तके, सहकार कायदा व १९६१ चे नियम आणि मिळतील तेवढ्या जुन्या प्रश्नपत्रिका एवढे पुरे. खर्च फारसा नाही. दुसरी, आठवड्यातून एक तास वाणिज्य विभागातील एखाद्या प्राध्यापकांनी द्यावा. त्यांनी शिकवू नये. विद्यार्थ्यांनी एकमेकांच्या वह्या तपासाव्यात आणि सरांनी फक्त वाद मिटवावा. तिसरी, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी विकास सोसायटीचा किंवा पतसंस्थेचा वार्षिक अहवाल येतो आणि तो कपाटाच्या फळीवर अंथरला जातो. तो वर्गात आणावा. अर्थशास्त्राच्या तासाला त्यातील ताळेबंद वाचावा. येणे व्याज किती, तरतूद किती, राखीव निधी कोठे गुंतविला आहे हे पाहावे. वडील सभासद असतील तर सर्वसाधारण सभेत त्यांनी विचारण्याजोगा एक तरी प्रश्न त्यातून निघेल. चौथी सूचना तालुक्यातील लेखापरीक्षकांना. दरवर्षी महाविद्यालयातून एक-दोन होतकरू माणसे मदतनीस म्हणून घ्यावीत. वयाकडे आणि मधल्या रिकाम्या वर्षांकडे न पाहता त्यांची वही पाहून घ्यावीत.

या सगळ्याची सुरुवात आपल्या घरापासून करता येईल. स्नेहसंमेलनासाठी आपण सर्वजण वर्गणी देतो. मंडप, ध्वनिक्षेपक, बक्षिसे, अल्पोपाहार यांवर ती खर्च होते. या वर्षी तिचा जमाखर्च कला आणि वाणिज्य अशा दोन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांनी मिळून लिहावा, तिसऱ्या एका गटाने तो तपासावा आणि तपासणीतील शेऱ्यांसह सूचना-फलकावर लावावा. तो वाचून कोणी शंका विचारली तर रागावू नये. शंका विचारणे हेच तर शिकायचे आहे. आणि संपादक मंडळाला जागा असेल तर पुढील वर्षीच्या अंकात, कवितांच्या शेजारी, एक पान त्या जमाखर्चालाही द्यावे.